घोट्यावरची चुणी

रिक्षाच्या सीटवरून हात फिरवला तर रेक्झीनला कुठे सुरकुती लागत नाही. आता त्याच ताग्यातला तुकडा एखाद्या जुन्या बुटावर चढवून पाहा. पोटरीवर तो निमूट बसतो. घोट्याच्या पुढे मात्र आडव्या चुण्या पडतात, चवड्याच्या टोकाला घड्यांचा गुंता होतो आणि टाचेमागे पोकळी राहते. मावळातल्या आंबीच्या कॉलेजांतलं गॅदरिंग असो की मुंबई-पुण्यातलं कॉमिक कॉन, अंतराळवीराचा किंवा परग्रहावरच्या सेनापतीचा पोशाख करणाऱ्यांचं घोडं बहुतेक वेळा इथेच अडतं. शिरस्त्राण पुठ्ठ्याचं चालून जातं, छातीवरचं कवच फोमशीटमधून कापता येतं, उरलंसुरलं एलईडीच्या झगमगाटात खपतं. बुटांची अशी सुटका होत नाही, कारण ते चालतात, वाकतात, आणि चकचकीत असल्यामुळे आपली प्रत्येक चूक प्रकाशात धरतात.

याची कारणं सहसा तीन सांगितली जातात: कारागीर कच्चा, सोल्युशन हलकं, माल स्वस्तातला. तिन्ही कधीकधी खरी असतात. पण पहिल्या दर्जाच्या कारागिराला उत्तम माल दिला आणि एका अखंड तुकड्यात बूट मढवायला सांगितला तरी चुणी पडणारच, कारण तिचं मूळ भूमितीत आहे. मूळ बुटाची उंची, घेर, टाच मोजून काढणं आवश्यक आहेच, पण बूट अचूक दिसतो की नाही हे त्या मापांपेक्षा शिवणींच्या जागांवरून जास्त ठरतं. सपाट कापडाने जिथे पुढे वळायला नकार दिलेला असतो, तिथेच शिवण आलेली असते. त्यामुळे हुबेहूब बूट करायचा असेल तर टेप हातात घेण्याआधी शिवणी वाचायला शिकावं लागतं.

भविष्याचं कापड

मुळात विज्ञानकथेतली माणसं इतकं चकचकीत का घालतात? १९६४ साली पॅरिसच्या आंद्रे कुरेज यांनी अंतराळयुगाच्या नावाने कपड्यांचा संग्रह मांडला. त्यातले पांढरे, सपाट टाचेचे बूट गाजले आणि त्यांच्या स्वस्त नकला व्हिनाइलमध्ये, म्हणजे आपल्या रेक्झीनच्याच जातीच्या प्लॅस्टिकमध्ये, निघू लागल्या. १९६८च्या ‘बार्बारेला’ चित्रपटापर्यंत प्लॅस्टिकचा चकाकता पृष्ठभाग म्हणजेच भविष्यकाळ, असं समीकरण पडद्यावर पक्कं झालं होतं. आपल्याकडे दूरदर्शनवर १९९७ मध्ये ‘शक्तिमान’ आला, १९९८ मध्ये केतन मेहता यांचा ‘कॅप्टन व्योम’ आला. त्यात मिलिंद सोमण व्योमच्या भूमिकेत होता. त्या मालिका पाहून वाढलेली पिढी नोकरीला लागेपर्यंत, म्हणजे २०११ मध्ये, दिल्लीत भारतातलं पहिलं कॉमिक कॉन भरलं. परदेशात हा छंद आणखी कडक शिस्तीचा आहे. १९९७ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ‘५०१ लीजन’ या ‘स्टार वॉर्स’प्रेमींच्या संघटनेत पोशाख ठरवून दिलेल्या तपशिलांशी जुळल्याशिवाय सभासदत्वच मिळत नाही.

या इतिहासातून एक आक्षेप आपोआप निकाली निघतो. ‘रेक्झीन कशाला, सरळ चामड्याचे बूट घ्या,’ असा सल्ला हौशी मंडळींना हमखास मिळतो. चामडं टिकतं, पायाला सोसतं, हे खरं. पण मूळ बूट व्हिनाइलचा असेल तर चामड्याचा बूट कितीही देखणा झाला तरी नक्कल म्हणून चुकलेलाच असतो. चामड्याच्या पृष्ठभागावर रंध्रं असतात, जागोजागी पोत बदलतो, वाकलं की बारीक रेषा उमटतात. व्हिनाइल एकसारखं, थोडं निर्जीव आणि सगळीकडे सारखंच चमकणारं असतं, आणि नेमका तो निर्जीवपणाच परग्रहावरच्या सेनापतीला हवा असतो.

पारी आणि कळ्या

आता भूमिती. उकडीच्या मोदकाची पारी सपाट चकती असते. तिचा व्यास १२ सेंटिमीटर धरला तर कडेचा परीघ सुमारे ३८ सेंटिमीटर भरतो. त्याच पारीची अर्धगोल वाटी केली तर वाटीच्या तोंडाचा घेर जेमतेम २४ सेंटिमीटर होतो. मग उरलेले १४ सेंटिमीटर गेले कुठे? ते कळ्यांमध्ये गेले. कळ्या शोभेसाठी पाडल्यासारख्या दिसतात, पण खरं म्हणजे घुमट करताना कडेला जास्तीचं झालेलं पीठ व्यवस्थित दुमडून ठेवण्याची ती युक्ती आहे. सुगरणीच्या कळ्या सारख्या पडतात, नवशिकीच्या वेड्यावाकड्या. कळीच पडू न देणं दोघींनाही जमणार नाही, जोवर उकड दाबून ताणून पातळ केली जात नाही.

जर्मन गणिती कार्ल फ्रिडरिश गाऊस यांनी १८२७ मध्ये हीच गोष्ट प्रमेय म्हणून सिद्ध केली. सोप्या भाषेत त्याचा अर्थ असा: पृष्ठभाग एका दिशेने वळला असेल तर सपाट कागद न फाडता, न ताणता त्यावर बसतो. एकाच जागी तो दोन दिशांनी वळला असेल तर बसत नाही. पोटरी ढोबळमानाने शंकूच्या आकाराची, म्हणजे एकाच दिशेने वळलेली, म्हणून तिथे रेक्झीन त्रास देत नाही. रिक्षाच्या सीटचंही तसंच आहे. बाक जवळपास सपाट असतो आणि कोपऱ्यांवर सीट कव्हरवाल्याने तुकडे जोडून आधीच शिवण घातलेली असते. आपलं लक्ष त्या शिवणीकडे जात नाही, इतकंच.

पायाच्या तीन अवघड जागा

बुटात दोन दिशांनी वळणाऱ्या जागा तीन असतात आणि प्रत्येकीचं दुखणं वेगळं. चवड्याचं टोक हा घुमट. तिथे मोदकासारखंच कडेला कापड जास्त होतं. टाच हा दुसरा, थोडा लहान घुमट. घोट्याच्या पुढची जागा मात्र घुमटाच्या उलट आहे. नडगीवरून खाली येणारी रेघ तिथे आत वळून पावलाच्या पाठीवर जाते आणि त्याच ठिकाणी आडवी रेघ बाहेर फुगलेली असते. घोड्याच्या खोगिराचा आकार असाच असतो. खोगिरावर सपाट कापड टाकलं तर कडेला कापड कमी पडतं आणि मध्ये जास्त होतं. ते मधलं जास्तीचं कापड म्हणजेच घोट्यावरची आडवी चुणी.

किती कमी पडतं याचा अंदाज काढता येतो. नडगीची रेघ आणि पावलाच्या पाठीची रेघ यांत साधारण ७० अंशांचं वळण धरू. समोरच्या मधल्या रेघेपासून ४ सेंटिमीटर मागे, म्हणजे घोट्याच्या बाजूवर, तिला समांतर रेघ आखली तर ती वळणाच्या बाहेरच्या अंगाला येते आणि मधल्या रेघेपेक्षा जवळजवळ ५ सेंटिमीटर लांब भरते. हा फरक वर-खाली मिळून २० सेंटिमीटरच्या पट्ट्यावर पसरवला तरी कापड २५ टक्के ताणावं लागतं. होजियरीसारख्या विणीच्या अस्तराचं, चारी बाजूंनी ताणणारं व्हिनाइल कदाचित इतकं देईल. सीटसाठी मिळणारं, मागे घट्ट विणलेलं कापड असलेलं रेक्झीन देणार नाही. ते थोडंफार ताणलं जातं ते फक्त उरेब, म्हणजे तिरकं धरल्यावर.

चामड्याचा बूट करणारे कारागीर या जागेशी फार जुन्या काळापासून झुंजत आले आहेत. पाश्चात्त्य घोडेस्वारी बुटांत समोरचा भाग अखंड हवा असला की चामडं भिजवून वाकड्या लाकडी पाटावर ओढून, खिळ्यांनी बांधून वाळवतात. वाळल्यावर ते खोगिराच्या आकारातच राहतं, कारण चामड्यातले तंतू एकमेकांत गुंतलेले असतात आणि ओले असताना सरकून नव्या जागी स्थिर होतात. व्हिनाइल असं स्थिर होत नाही. हेअर ड्रायरच्या उबेने ते मऊ पडतं, आकार घेतं, पण ताण धरून ठेवलेला असतो तोवरच. हात सोडला, किंवा उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत बूट राहिला, की मूळच्या सपाटपणाकडे परत निघतं. कोल्हापुरी चप्पल करणाऱ्याला ही कटकट नसते. सपाट तळ आणि पट्टे यांत दुहेरी वळणच जवळपास नाही.

तयार बूट मढवणं वेगळं, बूट करणं वेगळं

इथे आणखी एक फरक लक्षात घ्यायला हवा आणि हौशी कामातली निम्मी निराशा त्यातूनच येते. कुर्ला-चेंबूरकडच्या ठक्कर बाप्पा कॉलनीत बूट बनताना पाहिला तर दिसेल की कारागीर वरचा भाग फर्म्यावर, म्हणजे पावलाच्या आकाराच्या साच्यावर, चढवतो, चवड्याच्या कडेचं जास्तीचं चामडं पकडीने ओढून आतल्या तळाखाली दुमडतो, कळ्या रापीने तासून सपाट करतो आणि त्यावर बाहेरचा तळ चिकटवतो. बुटालाही कळ्या असतात, फक्त त्या तळाखाली गाडलेल्या असतात. तयार बुटावर व्हिनाइल चढवणाऱ्याकडे ही सोय नसते, कारण तळ आधीच बसलेला. त्याच्या कळ्यांना लपायला जागाच नाही.

वाटा दोनच उरतात. एक म्हणजे मोच्याकडून तळाची कड सुटी करून घेणं, व्हिनाइल सेंटिमीटरभर आत सारणं आणि तळ परत दाबून चिकटवणं. दुसरी म्हणजे वरचा भाग आणि तळ यांच्यामधल्या खाचेत व्हिनाइलची कड बोथट पातीने घुसवून तिथेच रापीने कापणं आणि त्यावर पातळ पट्टी मारणं. पहिली वाट सरस आहे, पण ती शिवलेल्या किंवा चिकटवलेल्या तळालाच लागू पडते. साच्यात ओतून जोडलेला तळ मोच्याने उघडला की फाटतो.

म्हणून खालचा बूट निवडताना त्याच्या वरच्या भागाचा विचार शेवटी करावा, तो झाकलाच जाणार आहे. तळ, टाच आणि चवड्याचं टोक मूळ बुटासारखं आहे का, ते आधी पाहावं, कारण मढवल्यावरही तेच दिसतं. आंबी-नवलाख उंबरेच्या औद्योगिक वसाहतीमुळे या भागात सेफ्टी शूज सहज मिळतात, पण त्यांच्या पोलादी टोपीमुळे चवडा फुगीर दिसतो. भातखाचरात वापरायचे गमबूट उंचीला बरोबर वाटतात, तरी त्यांना घोटाच नसतो. त्यालाही कारण आहे. प्रौढ पुरुषाच्या टाचेपासून पावलाच्या पाठीवरून घेतलेला तिरका घेर साधारण ३३ सेंटिमीटर असतो आणि घोट्याच्या वरचा घेर २३च्या आसपास. चेन नसलेल्या बुटात पाय घालायचा तर ३३चा घेर त्या अरुंद जागेतून जायलाच हवा. म्हणून गमबूट तिथे ढगळ ठेवावाच लागतो. पडद्यावरचा बूट घोट्याशी तंग असेल आणि चेन दिसत नसेल, तर चेन पायाच्या आतल्या अंगाला किंवा पोटरीमागे शिवणीत दडवलेली आहे, असं खुशाल समजावं.

शिवण वाचायची कशी

चित्रपटातल्या स्थिरचित्रांकडे आता वेगळ्या नजरेने पाहता येईल. घोट्याच्या पुढे आडवी शिवण दिसली तर नळी, म्हणजे पोटरीवरचा भाग, आणि पाऊल वेगवेगळ्या तुकड्यांत कापलेत. दोन्ही तुकड्यांच्या वक्र कडांतून ती कमी पडणारी ५ सेंटिमीटर लांबी मिळवलेली असते. समोर मधोमध उभी शिवण चवड्यापर्यंत उतरली असेल तर बुटाच्या डाव्या-उजव्या बाजूंचे दोन इंग्रजी ‘एल’सारखे तुकडे जोडलेले आहेत. ही सगळ्यात स्वस्त रचना, आणि बहुधा खाली साधा बूट असून वर नुसतं कव्हर चढवलंय याची खूण. कुठेच शिवण नसेल आणि तरी चुणी नसेल, तर चामडं साच्यावर ओढलेलं आहे किंवा बूट रबरात ओतलेला आहे. तिसऱ्या प्रकारचा बूट सीटच्या रेक्झीनमध्ये करायला घेणं म्हणजे पैशांची नासाडी.

एका फोटोवर विसंबू नये. जवळून, खालून घेतलेल्या फोटोत चवडा लांब आणि नळी बुटकी दिसते. पूर्ण उंचीचे, दुरून घेतलेले दोन-तीन फोटो घेऊन नळीची उंची गुडघ्याच्या प्रमाणात काढली की ती बरीच खात्रीची असते. चमकही फसवी असते. स्टुडिओच्या दिव्यांखाली मंद तकाकीचं व्हिनाइलसुद्धा आरशासारखं दिसतं, म्हणून दुकानात तुकडा निवडताना तो खिडकीजवळ आणि दिव्याखाली, दोन्हीकडे वाकवून पाहावा.

रेक्झीनच्या पोटात काय असतं

आपण बाजारात सरसकट ज्याला रेक्झीन म्हणतो ते बहुतेक वेळा कापडावर बसवलेलं पीव्हीसी, म्हणजेच व्हिनाइल, असतं. पीव्हीसी मुळात कडक. नळाचे करडे पाइप त्याचेच. ते मऊ कसं करायचं हे १९२६ मध्ये अमेरिकेतल्या बी. एफ. गुडरिच कंपनीतल्या वाल्डो सेमन या रसायनतज्ज्ञाच्या हाती लागलं. गंमत म्हणजे तो रबर धातूला चिकटवायचा पदार्थ शोधत होता. जास्त तापमानाला उकळणाऱ्या द्रावकात पीव्हीसी गरम केल्यावर त्याला लवचीक पदार्थ मिळाला. आजही तत्त्व तेच आहे. पीव्हीसीच्या लांब साखळ्यांमध्ये तेलकट पदार्थाचे रेणू शिरतात आणि साखळ्या एकमेकींवरून सरकू लागतात. या तेलकट पदार्थाला मऊकारक म्हणू. तो पीव्हीसीला रासायनिक बंधाने बांधलेला नसतो, नुसता मुरलेला असतो, आणि संधी मिळाली की बाहेर झिरपतो. पुढच्या निम्म्या अडचणी याच एका गोष्टीतून निघतात.

नुसत्या पीव्हीसीच्या पडद्याने बूट मढवता येत नाही. मागे कापड हवंच. पुणे जिल्ह्यातल्या भोरचं नाव लावणाऱ्या भोर इंडस्ट्रीज या कंपनीच्या एका खटल्यात हा मधला टप्पा थेट सर्वोच्च न्यायालयात पोचला होता. लेदरक्लॉथ वगैरे बनवताना कारखान्यातच जो कच्चा पीव्हीसी पडदा तयार होतो, त्यावर अबकारी कर लागतो का, हा वाद होता. तो पडदा बाजारात विकला जाणारा माल नाही, म्हणून त्यावर कर नाही, असा निकाल १९८९ मध्ये लागला. कायद्याच्या जागी तो मुद्दा कराचा होता, आपल्या कामाचा भाग इतकाच की पडद्याला ताकद कापड देतं, पोत ठसे उमटवणारा रूळ देतो आणि तकाकी वरचा पातळ लेप देतो. बुटासाठी रेक्झीन घेताना म्हणूनच ते उलटं करून मागचं कापड बघावं. होजियरीसारखी वीण असेल तर ते ताणतं. आडवे-उभे धागे असतील तर ताणत नाही.

साचा: टेपने काढायचा

बुटाचा कागदी नमुना मोजून काढण्यापेक्षा सोलून काढणं सोपं आणि अचूक. बुटावर स्वयंपाकघरातली पातळ प्लॅस्टिकची फिल्म गुंडाळायची, त्यावर मास्किंग टेपचे छोटे-छोटे तुकडे एकमेकांवर चढवत पूर्ण बूट झाकायचा. मग मूळ फोटोत दिसणाऱ्या शिवणी पेनाने त्यावर आखायच्या, आडव्या खुणा करायच्या, म्हणजे जोडताना तुकडे घसरणार नाहीत, आणि त्या रेघांवर कापायचं. निघालेलं साल टेबलावर ठेवून सपाट करून पाहिलं की भूमिती स्वतःच बोलते. शिवणी योग्य जागी असतील तर तुकडे जवळपास सपाट पडतात. एखादी कड उचलून राहिली तर तिथे टक्स हवा आहे किंवा शिवण थोडी सरकायला हवी आहे. फोटोतल्या शिवणी आणि सपाट पडणारे तुकडे यांचा मेळ बसला की समजावं, मूळ कारागीर जिथून गेला तिथूनच आपणही चाललो आहोत.

नंतर जाडीचा हिशेब. १ मिलिमीटर जाडीचं रेक्झीन बुटाभोवती गुंडाळलं की घेर सुमारे ६ मिलिमीटरने वाढतो. पोटरी ४० सेंटिमीटरची असो की घोटा २५चा, वाढ तेवढीच, कारण ती व्यासावर अवलंबून नसून फक्त जाडीवर अवलंबून आहे. खाली ५ मिलिमीटरचा फोम घातला तर घेर तब्बल ३१ मिलिमीटरने वाढतो. तयार बूट ‘थोडा जाडा’ दिसतो त्याचं कारण बऱ्याचदा हेच असतं. शिवणीला १० ते १२ मिलिमीटर माया सोडावी, तळाकडे जास्त.

शिवताना एक गोष्ट विसरू नये. कापडातली सुई धाग्यांमधून वाट काढते आणि नंतर ती वाट बुजते. व्हिनाइलमधलं भोक कायमचं राहतं. बारीक टाका घातला तर भोकांची रांग तयार होते आणि कापड तिथूनच फाटतं. म्हणून टाका ३-४ मिलिमीटरचा ठेवावा, टाचण्यांऐवजी चिमटे लावावेत आणि शिवण उसवून परत घालायची वेळ येऊ देऊ नये. मशीनच्या पायाला व्हिनाइल चिकटत असेल तर मध्ये पातळ कागद ठेवून शिवावं आणि तो नंतर फाडून काढावा. जुन्या मुंबई-पुणे महामार्गालगत गाड्यांची सीट कव्हरं करणाऱ्यांकडे जाड मालाची मशीनं असतात. तुकडे नीट कापून नेले तर लांब शिवणी त्यांच्याकडून घालून घेणं शहाणपणाचं.

चौकट: चुणी सांगते काय
घोट्यावर आडवी चुणी: वळणाच्या मध्ये कापड जास्त, कडेला कमी, शिवण आडवी आणावी किंवा ताण आडवा द्यावा. चवड्याला घड्या: कळ्यांना जागा नाही; तळाची कड उघडावी. टाचेमागे पोकळी: मागची शिवण सरळ कापली आहे, ती टाचेच्या फुगवट्याप्रमाणे वक्र हवी. पोटरीवर तिरक्या चुण्या: तुकडा उरेब कापला गेला आहे.

चिकटवणं

सोल्युशन दोन्ही पृष्ठभागांवर लावायचं, बोटाला ओलं लागेनासं होईपर्यंत थांबायचं आणि मग दाबायचं, हे मोच्याकडे पाहणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. कमी ठाऊक असतं ते हे की सुतारकामात चालणारं पिवळट रबर सोल्युशन व्हिनाइलच्या कापडी पाठीवर छान धरतं, पण जिथे ते पीव्हीसीच्या पृष्ठभागाला लागतं, उदाहरणार्थ एका तुकड्याची कड दुसऱ्यावर येते तिथे किंवा खालचा बूटच पीव्हीसीचा असेल तिथे, मऊकारक हळूहळू त्यात झिरपतो आणि काही महिन्यांत ते मऊ, चिकट होऊन सुटतं. अशा जागी पादत्राण उद्योगात वापरतात ते पॉलियुरेथेनचं सोल्युशन, बाजारातल्या भाषेत ‘पीयू’, घ्यावं. त्यावर मऊकारकाचा फारसा परिणाम होत नाही. दोन्हींतले द्रावक पेट घेतात, म्हणून खिडकी उघडी हवी आणि ड्रायर द्रावक पूर्ण उडाल्यावरच चालू करावा.

घोट्यावर चिकटवताना ताणाची दिशा निर्णायक ठरते. आडवं ओढलं तर कापड पावलाच्या पाठीवर दाबून बसतं, कारण ती आडवी बाहेर फुगलेली आहे. उभं ओढलं तर कापड खोलगट जागेवरून ताणलेल्या दोरीसारखं सरळ व्हायला बघतं आणि सुटतं. समोरच्या मधल्या रेघेला उभा ताण जवळपास शून्य ठेवून, तिथून दोन्ही बाजूंना बोटांनी दाबत जावं. बाजूच्या भागाला गरजेपुरती ऊब देऊन ताणावं. ऊब म्हणजे हाताला सोसेल इतकीच. जास्त तापवलं तर ठशांचा पोत सपाट होतो आणि तिथे चमकता डाग उरतो.

चारी बाजूंनी ताणणारं व्हिनाइल घेतलं तर शिवणींची ही सगळी कटकट वाचेल, असा युक्तिवाद होतो. काही अंशी तो बरोबर आहे. सपाट टाचेच्या, घोट्याशी सैल बुटाला ते पुरतं. पण २५ टक्के ताणलेलं व्हिनाइल तिथे पातळ होतं, तकाकी बदलते, खालच्या अस्तराचा रंग डोकावतो, आणि तो ताण सोल्युशनवर कायम ओढ ठेवतो. शिवणीत ताण संपलेला असतो. शिवाय मूळ बुटाला जिथे शिवण आहे तिथे आपल्याला ती नसेल, तर दिसण्यातही फरक पडणारच.

दुसरा आक्षेप असा की प्रेक्षक वीस-तीस फुटांवर, शिवण कुठे आहे हे कोण बघतो? शिवण म्हणून कुणीच बघत नाही. पण चकचकीत पृष्ठभागावर दिव्याची रेघ उमटते आणि पृष्ठभाग जिथे अचानक वळतो तिथे ती तुटते किंवा नागमोडी होते. गाडीचा पत्रा तपासताना नळीदिव्यांच्या रांगेखाली तो धरतात ते याचसाठी: उथळ पोचा हाताला चटकन लागत नाही, पण दिव्याच्या रेघेत दिसतो. प्रेक्षकाला ‘काहीतरी नकली आहे’ एवढंच जाणवतं, आणि ते जाणवतं त्या वाकड्या रेघेमुळे. मॅट कापडाच्या बुटाला हा निकष इतका कडक लागत नाही. म्हणून ज्यांना शिवणी जमवायच्या नाहीत त्यांनी मंद तकाकीचा माल घ्यावा, हा सल्ला प्रामाणिक आहे.

मावळातला पाऊस

मालाच्या निवडीत हवामानही मोजावं लागतं. लोणावळ्यात वर्षाला ४,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. आंबी-तळेगावकडे तो बराच कमी होतो, पण जून ते सप्टेंबर कपाटातला ओलावा काही जात नाही. पीव्हीसीला पर्याय म्हणून दुकानदार ‘पीयू लेदर’ दाखवतो. ते हाताला अधिक मऊ लागतं, वाकल्यावर चामड्यासारखं दिसतं. पण त्यातल्या स्वस्त प्रकारच्या पॉलियुरेथेनचे बंध हवेतलं पाणी तोडतं, म्हणून न वापरताही काही वर्षांत त्याची साल निघू लागते. घरातल्या सोफ्याच्या किंवा पर्सच्या पापुद्र्यांवरून हे अनेकांनी पाहिलेलं असेल. पीव्हीसीवर दमट हवेचा असा परिणाम होत नाही. त्याचं म्हातारपण वेगळं: मऊकारक निघून जातो, ते कडक होतं आणि वळणाच्या जागी तडकतं. मावळापुरता कौल पीव्हीसीच्या बाजूने जातो, पाय घामेजले तरी. पीव्हीसी जाळू नये आणि त्याच्या कचऱ्याची नीट विल्हेवाट लागत नाही, हा मुद्दा खरा आहे. म्हणून एका कार्यक्रमापुरते बूट करायचे असतील तर ते भाड्याने मिळतात का, ते आधी पाहावं.

सोल्युशनलाही पावसाळा नडतो. द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, आणि हवा दमट असेल तर त्यावर बाष्प जमून पांढुरकी झाक येते. ती दिसत असताना दाबलेला जोड नंतर सुटतो. झाक दिसली तर द्रावक उडून गेल्यावर पृष्ठभाग ड्रायरने हलका गरम करावा, झाक जाऊ द्यावी आणि मगच तुकडे जोडावेत. तयार बूट प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवू नयेत, मऊकारकामुळे पिशवी चिकटते. चामड्याचं पॉलिश लावू नये. ओल्या फडक्याने पुसून, आत कागदाचे बोळे भरून, उभे ठेवावेत. बोळे कोऱ्या कागदाचे हवेत आणि बाहेरूनही छापील कागद गुंडाळू नये. वर्तमानपत्राची शाई मऊकारकात विरघळून पांढऱ्या व्हिनाइलमध्ये मुरते आणि मग कशानेही निघत नाही.